कुऱ्हाडमोड्या

पहिल्यांदा आला तेव्हा बासिलियो ओहेदानं
वर्तमानपत्राची पुडी काउंटरवर उलटी केली :
तीन बिटांचे सहा तुकडे.
मी विचारलं, लोखंडात घातली होती?
म्हणाला, लाकडात.
पुढचं विचारायची गरज उरली नाही.

आमच्या चाकोत या झाडाचं नावच केब्राचो,
म्हणजे कुऱ्हाडमोड्या.
पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळ गाठतं.
तोडून अकरा वर्षं झाली तरी
तू मेलास, हे त्याला कुणी कळवलेलं नसतं.

दुकान बापाचं, आता माझं.
खिळे किलोवर विकते, सल्ला फुकट.
सांगितलं : ही फावड्यासारखी चपटी पाती
पाइनच्या फळीला ठीक, इथं नुसती तापतील.
भिंतीचं बिट तर नकोच,
ते ठोकरतं, कापत नाही.
पिळाचं घ्या, टोकाला आटे असलेलं.
मशीन हळू. मेण लावा.
दर दोन बोटांना बाहेर ओढा, भुसा झाडा.
धूर दिसला की थांबा.
चर्चमधल्यासारखी मान हलवत
तो सगळं ऐकून घेत होता.

दुसऱ्यांदा मशीनच घेऊन आला.
जळलेल्या तांब्याचा वास.
"हळूच चालवत होतो," म्हणाला,
"पहिली दहा मिनिटं."

तिसऱ्यांदा मीच वैतागले.
राहू द्या की ते थोटूक. वळसा घालून जा.
"मी जातो वळसा घालून," तो म्हणाला.
"एर्मेलिंदाच्या खुर्चीला चाकं आहेत."
मुळं सबंध अंगणभर.
पलीकडं तिची चूल.
तीन महिने ती दारात बसून
आपल्याच चुलीचा धूर बघतेय
आणि नवऱ्याच्या हातचं खातेय.
("ते जास्त वाईट," हेही तोच म्हणाला.)

मागच्या भिंतीवर बापाचं गिरमिट आहे.
हातभर लांब, वर आडवा दांडा, दोघांनी फिरवायचं.
रेल्वेच्या स्लीपरांना बाप यानं भोकं पाडायचा,
याच लाकडाच्या स्लीपरांना,
दिवसाला किती, ते दारू प्यायला की सांगायचा.
खाली चिठ्ठी : विकायचं नाही.
दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना,
मी कुलूप लावलं आणि ते खांद्यावर टाकलं.

ऊन. दांड्याच्या एका टोकाला तो, एकाला मी.
पोलाद आधी काहीच बोलेना.
मग कुरकुरलं.
मग पुन्हा गप्प, नुसतं जागच्या जागी गरगर.

"उभं काय धरलंय?"
दारातून आवाज आला.
"कडेनं घाला. त्या डाव्या मुळाच्या वर,
जिथं मुंग्या जातात तिथं फट आहे."
बासिलियो म्हणाला, तुला काय माहीत?
"तीन महिने मी दुसरं काय बघतेय?"

फट होती.
गिरमिट आडवं शिरलं.
पहिला छिलका बाहेर आला, काताच्या रंगाचा,
जिभेला लावून पाहिला तर तसाच तुरट.
संध्याकाळपर्यंत चार भोकं.
त्यांत निखारे भरले, वर माती थापली,
आतल्या आत जळून जाऊ दे म्हणून.
दुसऱ्या दिवशी सुटे पैसे देताना
नाणी फोडांना चिकटत होती.

नऊ दिवसांनी गिरमिट आणायला गेले.
थोटूक अजून धुमसत होतं, ना ज्वाला ना घाई.
खुर्ची त्याला अगदी खेटून,
आणि वरच्या सपाटीवर, काळ्या झालेल्या,
तिची किटली.
तिनं माते दिला. कडू, धुरकट.
पलीकडची चूल थंड होती, त्यावर कोंबडी बसलेली.

काल बासिलियो पुन्हा दुकानात.
मी आपसूक बिटांच्या खणाकडं वळले.
"ते नको," म्हणाला.
"दक्षिणेकडून ढग येतायत.
वर धरायला एखादा पत्रा आहे का?"

मी मोजून दिला. दीड मीटर.